वीस मैलांच्या आत

माझ्या घरमालकांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं असत. कधी चार, कधी सात. ती त्यांची नव्हती, गावाची होती. सौंसरच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं आणि दुरुस्त केलेलं घड्याळ तीन दिवस स्वतःच्या हातावर वागवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला परत देत नसत. "टेबलावर सगळेच शहाने असते," ते म्हणत. "मानसाच्या हातावर कसं वागते ते पायलं पाहिजे."

मी त्यांना काका म्हणायची. ते मला बाई म्हणत, कारण मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं घर पांढुर्ण्याला, वडिलांचं तिथे कापडाचं दुकान. नोकरी सौंसरला लागली तेव्हा वडील मला घेऊन या घरी आले. काकांनी मागची खोली दाखवली आणि सांगितलं, "इथून शाळा साडेसहा मिन्टं. पानी भरलेली घागर असली तर नऊ." वडील म्हणाले, "घागर घेऊन शाळेत कोण जाईल?" काका म्हणाले, "नाही जी, मी फक्त सांगून राहिलो."

त्यांना सगळं मोजायची खोड होती. दूध उतू जायला किती वेळ लागतो, बैलगाडी एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात जाते, काकू रागावल्या तर किती वेळ बोलतात. काकू उंच, मोठ्या आवाजाच्या बाई. त्यांचं बोलणं संपलं की काका हाताकडे बघून म्हणत, "आज सव्वाचार मिन्टं. तब्येत बरी नाही का?" मग काकूंना हसू येई आणि ती चार मिनिटं फुकट जात.

पण रस्त्यात कोणी वेळ विचारली, तर सांगत नसत. "टाइम मले नका इचारू. घड्याळ बराबर हाय का ते इचारा." लोक चिडत. सात घड्याळं बांधून हिंडणारा माणूस वेळ सांगत नाही म्हणजे काय! खरं कारण एवढंच की त्या सातांचं कधी एकमत नसे, आणि खात्री नसलेली गोष्ट बोलणं त्यांना जमत नसे.

स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळची गोष्ट काकूंनी मला सांगितली होती. तहसिलीसमोर झेंडा आठ वाजता लागायचा होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, फुलं पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयजयकार झाला. काका हात खाली सोडून उभे. सगळं शांत झालं, पाहुणे भाषणाला उभे राहिले, पहिलं वाक्य बोलले, आणि गर्दीतून एका माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. काका डोळ्यांत पाणी आणून एकटेच टाळ्या वाजवत होते. झेंडा दोन मिनिटं आधी लागला होता, आणि त्या दिवशी निदान पाच घड्याळांचं त्यावर एकमत होतं.

दुसरी खोड भीतीची. कायद्याची त्यांना इतकी भीती की रात्री सायकलला दिवा नसेल तर ती हातात धरून पायी न्यायची, आणि तीही रस्त्याच्या डाव्या बाजूने. पोलीस दिसला की ते आपण होऊन थांबत. एकदा एका शिपायाने विचारलं, "काय काम हाय?" काका म्हणाले, "काही नाही. तुमचं काही काम हाय का पाहून राहिलो."

मी हसायची. गावही हसायचं. या भीतीला काही मूळ असेल असं कोणाच्याच मनात आलं नाही.

मग राज्यांची फेररचना झाली. आमच्या जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, आणि ते मुंबई राज्यात गेलं. आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे लोक इकडेच राहिलो, आमची राजधानी झाली भोपाळ. ज्या नागपुरात लोक कापूस विकायला, डॉक्टरला दाखवायला, लग्नाचा बस्ता बांधायला जात, ते एका दिवसात परराज्य झालं. लोक दोन-चार दिवस त्यावर बोलले आणि पूर्वीसारखेच नॅरोगेजच्या छोट्या गाडीत बसून नागपूरला जाऊ लागले. काका तेवढे गेले नाहीत. "तिथला कायदा आता कसा हाय, कोनाले ठाऊक?" ते म्हणत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला नागपूरहून पत्र आलं. शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रवेशासाठी मुलाखत होती, बारा ते एक. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की जुन्या प्रांतातल्या शिक्षकांना घेण्याचं हे शेवटचं वर्ष. ट्रेनिंग झालं की हायस्कूलात नोकरी मिळणार होती. मी त्या पत्राची घडी इतक्या वेळा उघडली की ते मध्ये फाटलं.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मोठं वावधन झालं, वादळ आणि पाऊस. सकाळी स्टेशनवर गेले तर कळलं, पुढे रुळावर झाडं पडलीत, छोटी गाडी दुपारपर्यंत येत नाही. मी रडत घरी आले. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "मोटार."

बाजारात एकाकडे भाड्याने द्यायची जुनी मोटार होती. तिचा ड्रायव्हर हिवतापाने पडलेला. काका तरुणपणी नागपूरच्या एका घड्याळाच्या दुकानात कामाला होते, तिथे साहेबलोकांच्या मोटारीतली घड्याळं आणि वेग दाखवणारे काटे दुरुस्त करता करता मोटार चालवायला शिकले होते. लायसन्स जपून ठेवलेलं होतं, दर वेळी नवं करून घेतलेलं. मोटारीचा मालक किल्ली देताना म्हणाला, "काका, सांभाळून. तिकडे पोलीस झाडामागं घड्याळ घेऊन बसते म्हन्ते. काही झालं तर नंबर माझा हाय."

हे ऐकून काकांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता किल्ली परत देतात. पण त्यांनी ती खिशात टाकली.

निघालो साडेआठला. बोरगाव गेलं तोवर काका बरे होते, ऊस कसा आहे, संत्र्याची झाडं वाऱ्याने किती मोडली, बोलत होते. हद्दीचा दगड आला तशी त्यांनी मोटार थांबवली. खाली उतरले. डोक्याला पाणी लावून केस बसवले, त्या उकाड्यात कोट चढवला, लायसन्स, मोटारीचे कागद आणि मालकाची चिठ्ठी वरच्या खिशात नीट लावली.

"काका, उशीर होतो आहे."

"बाई, गाडी दुसऱ्याची, राज्य दुसऱ्याचं. आपलं काय हाय इथं? आपली फक्त गलती."

मोटारीतला वेगाचा काटा केव्हाच मेलेला होता. म्हणून त्यांनी मला काम दिलं. मैलाचा दगड आला की मी ओरडायचं, "मैल!" आणि ते मनगटाकडे बघून हिशेब करायचे. तीन मिनिटांत मैल म्हणजे ताशी वीस. तेवढाच वेग त्यांना मान्य होता, कारण गावालगतच्या पाट्यांवर वीसच लिहिलेलं असे आणि गाव कुठे संपतं हे पाटीवर लिहिलेलं नसे.

"मैल!"

"दोन मिन्टं पन्नास. जास्त झालं." पाय वर.

"मैल!"

"तीन मिन्टं दहा. आता बरं हाय."

मागून एक सायकलवाला आला, आमच्या बरोबरीने थोडा वेळ चालला, आत डोकावून "सगळं ठीक हाय ना?" म्हणाला आणि पुढे निघून गेला. प्रत्येक झाड काकांना संशयित. "तो आंबा पाय बाई. त्याच्या मांगं खाकी काही दिसते का?" एकदा दिसलं. जवळ गेल्यावर तो वाळत घातलेला गोणपाट निघाला, तरी त्याच्याजवळून जाताना काकांनी हात जोडले. सावनेरला इंजिन तापलं म्हणून पाणी घालायला थांबलो. मी वैतागले होते आणि हसतही होते. पत्र मांडीवर होतं. सव्वाअकरा झाले तेव्हा नागपूर पाच मैलांवर राहिलं होतं, आणि मला वाटलं, पोचलो.

चिंचेखालून एक शिपाई बाहेर आला आणि त्याने हात वर केला.

शेवटी पोलीस खरंच झाडामागे होता. जमादार वयस्क, पांढऱ्या मिशांचा, बोलायला मऊ. हातात बटणाचं घड्याळ. फर्लांगभर मागे दुसरा शिपाई रुमाल घेऊन उभा होता, तो रुमाल हलवी तेव्हा जमादार बटण दाबी, गाडी चिंचेशी आली की पुन्हा दाबी. पुढेच एक मालमोटार उभी होती, सरकीच्या पोत्यांनी भरलेली, आणि तिचा ड्रायव्हर डोक्यावर टॉवेल टाकून रस्त्याकडेला बसला होता.

"तेवीस मैल," जमादार म्हणाला. "इथं वीसची हद्द हाय."

काका खाली उतरले. मला वाटलं, आता पाया पडतात. पण ते एकदम शांत दिसले. "एकोणीस," ते म्हणाले. "जमादारसाहेब, एकोणीसच्या वर नाही. मी मोजून येऊन राहिलो."

मी पुढे होऊन पत्र दाखवलं, मुलाखतीचं सांगितलं. जमादाराने ते वाचलं, फाटलेली घडी जपून मिटली आणि परत दिलं. "माही पोरगी बी मास्तरीण हाय," तो म्हणाला. "जा बाई. लिवलं नाही अजून. जा काका, सोडलं तुमाले."

मी मोटारीत जाऊन बसले. काका बसले नाहीत. ते त्या मालमोटारवाल्याकडे बघत होते.

"त्याचं काय?"

"त्याचं लिवलं. चोवीस. तिसरी खेप हाय त्याची, लायसन जाईल."

ड्रायव्हर उठून उभा राहिला. "बाबूजी, खरं सांगतो, वीसच्या वर नव्हतो. पोती भरून आहेत, पळवून कुठे पळवू?"

"त्याचं घड्याळ आन् माहं घड्याळ एकच हाय," काका जमादाराला म्हणाले. "माह्यासाठी चुकलं तर त्याच्यासाठी बी चुकलं. मले पाहू द्या."

"सरकारी वस्तू हाय. कोनाच्या हातात देता येत नाही."

"मंग ज्याले देता येते त्याले बोलवा."

मी हाक मारली, "काका, आधी मला सोडून या. मग परत येऊन काय ते करा."

हे काकांनी जमादाराला विचारलंही. जमादार म्हणाला, वहीतला कागद बारा वाजता सायकलवरून चौकीत जातो, मग तिथून कोर्टात. एकदा गेला की आपल्या हातात काही नाही. त्याने खोटं सांगितलं नाही, आणि तो वाईट माणूसही नव्हता. उलट तो मला म्हणाला, "बाई, समजवा तुमच्या काकाले. वेळ जाऊन राहिला."

काकांनी कोट काढला, घडी करून मोटारीत ठेवला आणि चिंचेखाली मातीत मांडी घातली. "इन्स्पेक्टर येईस्तोवर कागद जाऊ देऊ नका. मी इथं बसलो."

आयुष्यभर पोलीस बघून थांबणारा माणूस पोलिसासमोर बसला होता. मी रागावले, रडले, हात जोडले. ते माझ्याकडे बघत नव्हते. एक बस आली, खच्चून भरलेली, मी धावत रस्त्यात गेले, ती थांबली नाही. जमादाराने शेवटी शिपायाला सायकलवर चौकीत पाठवलं.

इन्स्पेक्टर आले तेव्हा पाऊण वाजला होता. तरुण होते, घाईत होते. पण काकांच्या हातावरची घड्याळं बघून थबकले. काका म्हणाले, "साहेब, तुमच्याच हातात ठेवा. फक्त दहा वेळा बटण दाबा आन् गाडीकडे नका पाहू, काट्याकडे पाहा."

साहेबांनी बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. थोडा थरथरला आणि मग एकदम सुटला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बटण दाबताना जमादाराचे डोळे नेहमी येणाऱ्या गाडीवर असत, त्यामुळे हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. काकांनी आपल्या हातावरच्या तीन घड्याळांशी ताडून दाखवलं, काटा जवळजवळ चार सेकंद अडत होता. तेवढा वेळ कमी मोजला जाई आणि तेवढा गाडीचा वेग जास्त दिसे.

"तेल वाळलं," काका म्हणाले. "कोनाची गलती नाही. पन घड्याळ मांगं राहते आन् मानूस पळाला असं दिसते."

इन्स्पेक्टरांनी वही मागवली आणि कागद फाडला. मालमोटारवाला काकांच्या पायांशी वाकला तर काका असे मागे सरले की चिंचेच्या खोडावर आपटले.

कॉलेजात पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. कारकुनाने यादी दाखवली. माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलं होतं. मुलाखत घेणारे उठून गेले होते.

परतीच्या वाटेवर मी मैल मोजले नाहीत. काकांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. शाळेजवळ दुसरी खोली बघून ठेवली. सामान बांधत होते त्या दुपारी काकू आल्या आणि ट्रंकेवर बसल्या, म्हणजे मला ती उचलताच येईना.

"पोरी, जा. मी अडवत नाही. पन ऐकून जा."

नागपूरच्या त्या दुकानात पोलिसांची घड्याळं दुरुस्तीला येत. तरुण असताना काकांच्या टेबलावर असंच एक आलं, काटा अडणारं. दुकानाच्या मालकाने सांगितलं, वेळ घालवू नको, वरून पुसून दे. काकांनी पुसून दिलं. महिनाभराने एका डॉक्टरचा ड्रायव्हर दुकानात आला. त्या घड्याळाने तो पकडला गेला होता. घड्याळ अडतं एवढंच कोर्टात येऊन सांग, म्हणून तो काकांच्या विनवण्या करत होता. मालकाने डोळे वटारले आणि काका म्हणाले, घड्याळ बराबर होतं. ड्रायव्हरचं लायसन्स गेलं, नोकरी गेली. पुढे तो सीताबर्डीवर रिक्षा ओढताना काकांना दिसला. त्याने यांना ओळखलं आणि नुसतं विचारलं, "बसता का?"

"त्याच आठवड्यात आमी नागपूर सोडलं," काकू म्हणाल्या. "मले बी त्यायनं दहा वर्षांनं सांगितलं."

मी बांधलेलं सामान सोडलं. पण राग लगेच गेला असं म्हणणं खोटं होईल. त्या ड्रायव्हरसाठी मला वाईट वाटत होतं आणि माझं गेलं ते गेलंच होतं. दोन्ही गोष्टी एका खोलीत राहत होत्या, माझ्यासारख्याच.

मला फार उशिरा कळलं की काका नंतर तीनदा एकटे नागपूरला गेले होते. कॉलेजच्या दारात उभे राहून प्राचार्यांना भेटले. "गलती माही हाय, बाईची नाही," सांगत राहिले. तिसऱ्या वेळी प्राचार्यांनी त्यांना बसवून पाणी दिलं आणि समजावलं, तुमच्या बाईंचं राज्य आता वेगळं आहे, ट्रेनिंग तिकडेच मिळेल.

तिकडे म्हणजे जबलपूर, आणि तिथे सगळं हिंदीत. मी मराठी शाळेत शिकलेली, बाजारातली हिंदी येत होती, बालमानसशास्त्र हिंदीत लिहिणं वेगळं. काकांनी हिंदी वर्तमानपत्र लावलं आणि फर्मान काढलं की घरात सगळ्यांनी हिंदी बोलायची. काकू दोन दिवस "चाय लीजिये, बैठिये" करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी नळावर भांडण झालं तेव्हा हिंदीत भांडता येईना म्हणून त्या हरल्या, आणि घरी येऊन त्यांनी फर्मान मोडलं. मग मी आणि काकाच उरलो. ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, मी चुका काढायची. बाजारभावसुद्धा त्यांनी सोडले नाहीत.

दीड वर्षाने जबलपूरला प्रवेश मिळाला. गाडी पांढुर्ण्याहून, इटारसीला बदलायची. वडील, आई स्टेशनवर होते. काका सौंसरहून पहाटेची बस धरून आले होते, काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा घेऊन. गाडी यायची होती. ते मला जरा बाजूला घेऊन गेले.

"बाई, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चिंचेखाली मी वेळ इसरलो होतो असं समजू नका. मले एक एक मिन्ट ठाऊक होतं. तुमचं जाऊन राहिलं हे पाहून मी बसलो होतो."

मी म्हणाले, "ठाऊक आहे."

"मंग बोला ना काही. रागवा."

"रागावून झालं, काका. आता खिडकीजवळ जागा मिळाली नाही तर पुन्हा रागवीन."

मी हसत बोलले होते, पण त्यांनी ते हुकमासारखं घेतलं. गाडी आली, माणसांनी गच्च भरलेली. काका दाराच्या गर्दीत शिरले, कोपर मारून आत गेले आणि थोड्या वेळाने खिडकीतून त्यांचं डोकं दिसलं. ते बाकावर आडवे मांडी घालून बसले होते आणि एका जाड माणसाला सांगत होते, "ये सीट बहनजी की है, ट्रेनिंग को जा रही हैं." त्यांची हिंदी चांगली झाली होती. वडिलांनी मला आत ढकललं, ट्रंक मागून आली. मी जागेपर्यंत पोचेपर्यंत शिटी झाली. काका उठले, मला बसवलं, डबा हातात दिला, आणि दाराकडे वळले तोवर फलाट संपत आला होता.

ते माझ्यासमोर उभे राहिले, पांढरे फटक. "बाई, माह्याजवळ तिकीट नाही."

"असू द्या काका. पुढच्या स्टेशनावर उतरा. कोणी बघत नाही."

ते बसले नाहीत. सबंध वेळ दांड्याला धरून उभेच होते, फुकट बसणं नको म्हणून. पुढचं स्टेशन आलं तसे उतरले. गाडी मिनिटभर थांबली. मी खिडकीतून हाका मारत होते, "काका, फाटकातून सरळ बाहेर जा!" त्यांनी वळून हात हलवला. मग डोक्यावरचे केस बसवले, आणि गाडी सुटताना मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की सगळा फलाट ओलांडून ते स्टेशन मास्तरच्या खोलीकडे दंड भरायला चालले होते.